कुत्र्यांचा फ्लू: बोर्डिंग सुरू करण्याआधी

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

घोडबंदर रोडला कुत्र्यांचं बोर्डिंग काढतेयस, चौदा केनेलची जागाही ठरली, हे वाचून फार बरं वाटलं. तुझ्या पत्रातलं एक वाक्य मात्र मनातून खोडून टाक: ‘सेव्हन-इन-वन झालेलेच कुत्रे घेणार, म्हणजे फ्लूची काळजी नाही.’ सात आजारांच्या त्या एकत्रित लशीत असतो तो पॅराइन्फ्लुएंझा. नाव जवळचं, पण विषाणू वेगळ्या कुळातला, डिस्टेंपरचा भाऊबंद. केनेल कफची, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची लसही फ्लूला अडवत नाही. लशींचं कार्ड बघच, डिस्टेंपर आणि पार्व्होसाठी ते हवंच आहे. फ्लू थांबेल तो तुझ्या जागेच्या रचनेमुळे आणि तुझ्या वहीमुळे.

कुत्र्यांत टिकलेले फ्लूचे प्रकार दोन, एच३एन८ आणि एच३एन२. एच३एन८ हा मुळात घोड्यांचा. २००४ साली फ्लोरिडात शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांत तो सापडला आणि दुसऱ्या कुठल्या विषाणूशी सरमिसळ न होता, अख्खाच्या अख्खा आलेला निघाला. एच३एन२ पक्ष्यांकडून आला. २००४ नंतर दोन-तीन वर्षांत तो कोरिया आणि चीनमधल्या कुत्र्यांत दिसू लागला आणि २०१५ मध्ये शिकागोत पोहोचला. दोघांना दार उघडं मिळालं, कारण फ्लूचा विषाणू पेशीवरच्या सायलिक आम्लाला धरून आत शिरतो, आणि घोड्याच्या आणि पक्ष्याच्या पेशींवर ते ज्या जोडणीचं असतं, तसंच कुत्र्याच्या श्वासमार्गातही असतं. पुढचं काम नकलेतल्या चुकांनी केलं. हा विषाणू स्वतःची नक्कल करताना चुका दुरुस्त करत नाही, त्यामुळे कुत्र्यात जास्त चांगली वाढणारी चूक मागे उरते. शिवाय त्याच्या जनुकांचे आठ सुटे तुकडे असतात. एकाच पेशीत दोन फ्लू शिरले तर तुकड्यांची अदलाबदल होते. दक्षिण चीनमधल्या कुत्र्यांत डुकरांच्या फ्लूचे तुकडे मिसळलेले विषाणू मिळाले आहेत, ते असेच तयार झाले. कुत्र्यांच्या या दोन फ्लूंची माणसाला लागण झाल्याची नोंद नाही, पण लक्ष ठेवतात ते या अदलाबदलीमुळेच.

आता तुझ्या कामाचं. घरोघरी एकेक कुत्रा असेल तर हा फ्लू दोन-चार उड्यांत विझतो. अमेरिकेत एच३एन८ वर्षानुवर्षं तगला तो मोठ्या शहरांतल्या निवारागृहांत, जिथे रोज नवे कुत्रे येत होते. २०१६ च्या सुमारास तोही दिसेनासा झाला. सुट्टीच्या दिवसांतलं भरलेलं बोर्डिंग म्हणजे त्याला हवी तशीच जागा.

लागण झाल्यावर लक्षणं साधारण दोन ते चार दिवसांनी दिसतात, आणि विषाणू बाहेर पडायला त्याआधीच सुरुवात होते. पाचांतला एक कुत्रा खोकतही नाही, पण पसरवतो. म्हणून ‘खोकला दिसला की वेगळा करू’ हे उशिराचं आहे. चौदापैकी दोन केनेल पहिल्यापासून रिकामे ठेव, वेगळ्या खोलीत, वेगळ्या एक्झॉस्टसह. एकाच एसीची हवा दोन्हीकडे फिरत असेल तर मधल्या भिंतीचा उपयोग नाही. खोकला, नाकातून घट्ट स्राव, १०३ अंशांपुढे ताप, यांतलं काही दिसलं की कुत्रा तिकडे आणि डॉक्टरांना फोन. एच३एन२ निघाला तर निदान एकवीस दिवस वेगळा, मधेच बरा दिसला तरीही. चोवीस दिवसांपर्यंत विषाणू थांबून थांबून बाहेर पडलेला आहे. मांजरांनाही तो लागतो, तेव्हा मांजरं त्या हॉलमध्ये नकोतच.

स्वॅबबाबत हमखास चूक होते. तो पहिल्या तीन-चार दिवसांतच घ्यायचा, नाकातून आणि घशातून, सिंथेटिक टोकाचा आणि प्लास्टिकच्या काडीचा. लाकडी काडी चालत नाही. तो व्हीटीएममध्ये, म्हणजे विषाणू टिकवून ठेवणाऱ्या द्रवात बुडवून बर्फाच्या डब्यात पाठव. फ्रीझरमध्ये ठेवू नकोस. प्रयोगशाळेला आधी विचार, त्यांच्या श्वसनरोगांच्या चाचण्यांच्या संचात (पॅनेलमध्ये) इन्फ्लुएंझा ए, म्हणजे हा फ्लू, आहे का. आठव्या दिवशीचा निगेटिव्ह रिपोर्ट कुत्र्याला सोडवत नाही. उशीर झालाच असेल तर रक्ताचे दोन नमुने, दहा ते चौदा दिवसांच्या अंतराने. माणसांच्या तापाच्या गोळ्या मालक स्वतःहून देतात. त्यांना स्पष्ट बजाव, आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जिवावर बेततं.

हा विषाणू टणक पृष्ठभागावर ४८ तास, कपड्यांवर २४, हातांवर १२ तासांपर्यंत तग धरतो. साबणाने मात्र लगेच मरतो. सफाईवाल्या मावशी आजारी खोलीत सगळ्यात शेवटी जातील, वेगळा एप्रन आणि वेगळी चप्पल घालून. फरशी आधी साबणाने धुवायची, कारण लाळ-घाणीवर ब्लीच वाया जातं. मग ब्लीचचं पाणी: बाटलीतलं पाच टक्क्यांचं ब्लीच दहा लिटर पाण्याला साधारण ३३० मिली, रोज ताजं. दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग पाण्याने धुवायचं. ब्लीचमध्ये टॉयलेटचं ॲसिड कधीही मिसळायचं नाही, विषारी क्लोरीन सुटतो. मावशींना हे समोर बसून सांग.

खाडीकडे फिरवताना पट्टा सोडू नकोस. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, शहापूरच्या वेहळोलीत कोंबड्यांना बर्ड फ्लू झाला होता आणि २००४ साली थायलंडमध्ये मेलेलं बदक खाऊन एक कुत्रा एच५एन१ या बर्ड फ्लूने दगावला होता. कच्ची कोंबडी, आतडी-काळीज वाडग्यात नको.

वहीत प्रत्येक कुत्र्याचा आल्या-गेल्याचा दिवस, केनेल नंबर, शेजारचे कुत्रे आणि मालकाचा फोन लिही. एकाला फ्लू निघाला तर त्या दिवसांत घरी गेलेल्या प्रत्येकाच्या मालकाला त्याच संध्याकाळी फोन गेला पाहिजे: दोन आठवडे पार्क नको, ग्रूमिंग नको.

दिवाळीची बुकिंग घेण्याआधी जागेचा नकाशा पाठव. एक्झॉस्ट कुठल्या भिंतीला लावायचा ते खूण करून देतो.

तुझा काका