पाय मुरगळल्यावर आधी काय करावं: बर्फ, शेक की लेप?

तुम्ही लिहिलंय की काल लोहगडाच्या पायऱ्या उतरताना बहिणीचा पाय मुरगळला, घोटा बाहेरच्या बाजूने टम्म सुजलाय, आजी आंबेहळदीचा गरम लेप लावून चोळायला सांगताहेत आणि मित्र बर्फ लाव म्हणतोय. मी फिजिओथेरपिस्ट आहे. पावसाळ्यात रविवारचा ट्रेक झाला की सोमवारी असा घोटा घेऊन कुणीतरी येतंच. बर्फ की लेप हे नंतर पाहू. आधी हाड शाबूत आहे का ते बघा.

हे घरी बऱ्यापैकी कळतं. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये त्यासाठी साधे नियम मांडले आणि आज ते अनेक देशांत वापरले जातात. घोट्याच्या दोन्ही बाजूंना हाडाचे उंचवटे असतात. त्यांच्या खालच्या टोकावर आणि मागच्या कडेने वर साधारण सहा सेंटीमीटरपर्यंत बोटाने दाबत जा. मग पावलाच्या बाहेरच्या कडेवर करंगळीपासून टाचेकडे येताना मध्यावर जो उंचवटा लागतो तो दाबा, आणि आतल्या बाजूला घोट्याच्या पुढे-खाली असलेलं हाडही. यांपैकी कुठेही नेमक्या हाडावर दाबल्यावर ती कळवळली, तर एक्स-रे काढा. मुरगळल्यावर लगेचही आणि आताही चार पावलं टाकता येत नसतील, तरी एक्स-रे काढा. लंगडत टाकली तरी ती पावलं धरायची. दुखणं हाडावर नसून बाहेरच्या उंचवट्याच्या पुढे-खाली मऊ भागात असेल, तर बहुधा लिगामेंट, म्हणजे सांध्यातली हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा चिवट पट्टा, ताणलं गेलंय किंवा थोडं फाटलंय.

'चालता येतंय ना, मग मोडलेलं नाही' असं घरोघरी म्हणतात, त्यावर विसंबू नका. घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं हाड शरीराचं फार थोडं वजन पेलतं, त्यामुळे ते मोडलेलं असतानाही माणूस गड उतरून येतो. उलट 'कट्' आवाज आला म्हणजे हाड गेलंच, असंही नाही. लिगामेंट तुटतानाही तो येतो.

पाय वाकडा दिसत असेल, बोटं गार, निळसर किंवा बधिर पडली असतील, जखम उघडी असेल, तर दाबून बघण्यात वेळ घालवू नका. आहे त्या स्थितीत पायाला आधार देऊन बांधा आणि दवाखाना गाठा. १०८ ला फोन करा. मधुमेहामुळे पावलांची संवेदना कमी झालेल्यांना आणि लहान मुलांनाही थेट डॉक्टरकडे न्यावं. मुलांमध्ये हाड वाढण्याची जागा लिगामेंटपेक्षा कमकुवत असते, त्यामुळे वरवर मुरगळा वाटणारी इजा खरं तर तिथली असू शकते.

गड चढताना नाही आणि उतरतानाच पाय का मुरगळतो, असंही तुम्ही विचारलंय. घोट्याच्या खोबणीत बसणारं हाड पुढे रुंद आणि मागे अरुंद असतं, पाचरीसारखं. पाऊल वर वळलेलं असताना रुंद भाग खोबणीत घट्ट बसतो. उतरताना चवडा खाली जातो, अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांधा सैल पडतो. त्यात पायरी ओली असली की पाऊल आत वळतं आणि सगळा ताण बाहेरच्या लिगामेंटवर येतो.

आता उपाय. सगळ्यात जास्त फरक पडतो तो क्रेप बँडेजने, आणि तेच बहुतेक जण चुकीचं बांधतात. नुसत्या घोट्याभोवती गुंडाळलं तर सूज पावलात उतरते. बोटांच्या मुळापासून सुरुवात करा, पावलावरून टाचेमागे, पुन्हा पावलावर, असे इंग्रजी आठच्या आकाराचे वेढे देत घोट्याच्या वर चार बोटं जा. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या निम्म्यावर यावा. बोटं उघडी ठेवा. अंगठ्याचं नख दाबून सोडा; दोन सेकंदांत गुलाबी झालं नाही, किंवा मुंग्या येऊ लागल्या, तर सोडून सैल बांधा. रात्री झोपताना काढून ठेवा.

पाय उंच ठेवायचा म्हणजे छातीपेक्षा उंच: आडवं होऊन पायाखाली दोन-तीन उशा. खुर्चीत बसून स्टुलावर ठेवलेला पाय त्यात धरत नाही.

बर्फाबद्दल मित्राचं चूक नाही, पण बर्फ म्हणजे औषध नव्हे. १९७८ मध्ये गेब मिर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं हे सूत्र रूढ केलं. त्यांनीच २०१४ मध्ये लिहिलं की बर्फामुळे आणि पूर्ण विश्रांतीमुळे बरं होणं लांबू शकतं. म्हणून मी बर्फ फक्त ठणका कमी करायला सांगते: पहिले दोन दिवस, ओल्या पंच्यात गुंडाळून, एका वेळी दहा-पंधरा मिनिटं. थेट कातडीवर नको. गडावर बर्फ मिळत नाही, तिथे गार पाण्याची पट्टी चालते. मात्र टाक्यात पाय बुडवू नका, ते पाणी लोक पितात.

आजींना दुखवू नका. आंबेहळद-तुरटीचा लेप गार करून, कुठे खरचटलेलं नसेल तर लावायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती गरमपणाला आणि चोळण्याला. आत बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात. पहिले दोन-तीन दिवस शेकलं, रगडलं किंवा ओढून 'मुरगळा काढला' की रक्तस्राव आणि सूज दोन्ही वाढतात, आणि हाडाला चीर असेल तर हाड सरकू शकतं. चुना-गूळ तर नकोच, चुन्याने कातडी भाजते. दुखणं सोसवेना तर पॅरासिटामॉल पुरतं. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या ॲसिडिटी, दमा किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी मनाने घेऊ नयेत. अंगात तापही असेल तर या गोळ्यांना आणखी जपा, पावसाळ्याचे दिवस डेंग्यूचे असतात आणि डेंग्यूत त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

यापुढे जे सांगते ते मला सर्वांत कळकळीने सांगायचंय, कारण प्रथमोपचार इथे संपतो असं लोक धरून चालतात. सूज ओसरली की घोटा विसरला जातो, आणि पुढच्या पावसाळ्यात तोच घोटा घेऊन माणूस परत येतो. लिगामेंट सांध्याला नुसतं धरून ठेवत नाही, पाऊल कुठे कसं टेकलंय ही खबरही मेंदूला देतं. इजेनंतर ती खबर उशिरा पोचते आणि पाऊल वेळेत सावरत नाही. ही जाण व्यायामानेच परत आणावी लागते.

हाड शाबूत असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून आडवं पडून अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवायला सांगा, दुखेल तिथे थांबत. सोसेल तेवढा भार देत चालू द्या. काठी घ्यायची तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. जिना उतरताना दुखरा पाय आधी खाली, चढताना चांगला पाय आधी वर. पूर्ण भार सहन होऊ लागला की दात घासताना भिंतीजवळ त्या एकाच पायावर उभं राहायचं, आधी डोळे उघडे, मग मिटून. नंतर चवड्यांवर वर-खाली. हे निदान सहा आठवडे. साधी लचक एक-दोन आठवड्यांत चालती होते, अर्धवट फाटलेलं लिगामेंट चार ते सहा आठवडे घेतं, पूर्ण तुटलेलं तीन महिनेही. त्या एका पायावर न दुखता उड्या मारता आल्या की मग पुढच्या ट्रेकचा विचार.

गडावरच कुणाचा पाय मुरगळला आणि चालत उतरण्यावाचून इलाज नसेल, तर बूट काढू नका. एकदा काढला की सुजेमुळे परत चढत नाही. नाडी थोडी सैल करा, बोटं हलतात ना ते मधूनमधून विचारा.

आठवड्याभरात भार देणं जमेना, किंवा घोट्याच्या वर नडगीच्या दोन हाडांच्या मध्ये दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे स्वच्छ आला असला तरी पुन्हा दाखवा. एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही, आणि घोट्याच्या वरची ही इजा बांधून ठेवण्याची पद्धतही वेगळी असते.