रुग्णवाहिकेवरील काम आणि दंडावरचा सेन्सर

टाइप १ मधुमेह असताना, ग्लुकोज सेन्सरच्या भरवशावर रुग्णवाहिकेवरील आपत्कालीन सेवेचे प्रशिक्षण घ्यावे का, असे आपण विचारले आहे. मी स्वतः टाइप १ असून याच कामात आहे, तेव्हा माझे उत्तर ‘जरूर घ्यावे’ असेच आहे. फक्त भरवसा कशावर ठेवायचा, ते आधी नीट समजून घ्यावे.

सेन्सर त्वचेखालील पेशींभोवतीच्या द्रवातले ग्लुकोज मोजतो आणि तिथला आकडा रक्तातील साखरेपेक्षा साधारण ५ ते १५ मिनिटे मागे असतो. एरवी हा फरक जाणवतही नाही. पण जिन्यावरून स्ट्रेचर उतरवताना किंवा सीपीआर देताना साखर भराभर उतरत असेल, तर पडद्यावर ९० (मिग्रॅ/डेसिलिटर; पुढचे साखरेचे आकडेही याच एककात) दिसत असतानाच ती ७० च्या खाली गेलेली असू शकते. म्हणून आकड्याइतकेच, साखर कोणत्या दिशेने चालली आहे ते दाखवणाऱ्या शेजारच्या बाणाला महत्त्व द्यावे, आणि निर्णय रुग्णापर्यंत पोहोचण्यापूर्वी, गाडीतच घ्यावा. ११० आणि बाण आडवा असेल तर मी काही करत नाही. तोच ११० खाली झुकणाऱ्या बाणासह दिसला तर ग्लुकोजच्या गोळ्या लगेच चघळतो, कारण एकदा हातमोजे चढले की खिशात हात घालण्याची सोय उरत नाही.

साखर ७० च्या खाली गेल्यास १५ ग्रॅम जलद शोषली जाणारी साखर (जसे ग्लुकोजच्या गोळ्या) घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे, हे आपल्याला ठाऊक असेलच. मात्र ती वर येतानाही सेन्सर मागेच राहतो आणि घाबरून माणूस दुप्पट खातो. अशा वेळी बोट टोचून पाहावे, तेही हात धुऊन, कारण गोळीची भुकटी बोटाला लागलेली असली तर ग्लुकोमीटर भलताच मोठा आकडा दाखवतो.

याउलट, गंभीर कॉलच्या वेळी अ‍ॅड्रेनालिनमुळे साखर चढते. ती उतरवण्यासाठी इन्सुलिन देताना हात आखडता ठेवावा. ताण ओसरल्यावर आणि श्रमांचा परिणाम सुरू झाल्यावर ती आपणहून खाली येऊ लागते, तशात जास्तीचे इन्सुलिन अंगाशी येते. रात्रपाळीत डुलकी घेताना सेन्सरच्या कुशीवर झोपू नये, दाबामुळे तो खोटी कमी साखर दाखवून अलार्म वाजवतो. (सहकाऱ्यांचे शिव्याशाप वेगळे!) त्या सहकाऱ्यांपैकी जो जोडीला असेल, त्याला गोळ्या कोणत्या खिशात आहेत आणि आपण कसे वागू लागलो की साखर उतरली असे समजावे, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे.

रुग्णवाहिका चालवण्याबाबतचे नियम ठिकठिकाणी वेगळे असतात, तेव्हा ते अर्जापूर्वी लेखी विचारून घ्यावेत. साखर उतरल्याची लक्षणे आपल्याला जाणवतच नसतील, तर मी थोडे थांबण्याचा सल्ला देईन. आपल्या डॉक्टरांना सेन्सरचा १४ दिवसांचा अहवाल दाखवावा: साखर ७० ते १८० च्या दरम्यान राहण्याचा वेळ ७० टक्क्यांहून अधिक आणि ७० च्या खालचा ४ टक्क्यांहून कमी, हे सर्वसाधारण उद्दिष्ट असते. या कामासाठी त्यांतला दुसरा आकडा आधी पाहावा.