परसातील पिल्ले आणि घार

प्रश्न : आमच्या परसात गावठी कोंबड्या मोकळ्या फिरतात. गेल्या महिन्यात घारीने चार पिल्ले उचलली. काय करावे?
— एक वाचक, वाळपई

उत्तर : पिल्ले जाण्याचे दुःख मोठे असते, तरीही घारीला दगड किंवा विष घालण्याचा विचार कृपया मनात आणू नये, कारण वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार तिला संरक्षण आहे. पिल्ले साधारण दोन महिन्यांची होईपर्यंत त्यांना आईसह जाळीच्या आवारात ठेवावे आणि ती जाळी वरूनही ताणून बांधावी, कारण सैल जाळीत पक्षी अडकून जखमी होतात. घार उघड्या जागेवर झेप घेते, शिक्रा हा लहान शिकारी पक्षी मात्र झाडांच्या आडून अचानक येतो. म्हणून केवळ माडांच्या सावलीवर विसंबू नये. अंगणात झावळ्यांचे दोन-तीन बुटके मांडव घालावेत, म्हणजे कोंबडीने इशारा देताच पिल्लांना आत शिरता येते. बुजगावण्याची भीती पक्ष्यांना फार दिवस राहत नाही, त्यामुळे त्यावर खर्च करू नये, असे माझे मत आहे. मासळीची आतडी व डोकी परसात टाकणे मात्र आजच थांबवावे, कारण घारी त्यांच्याच ओढीने येतात.