इलेव्हेशनला 'उंची' म्हणा, पण 'पासून' सोडू नका

प्रश्न असा आहे की एक जण गेमसाठी नाशिक-त्र्यंबकचं टेरेन, म्हणजे तिथल्या जमिनीचा आणि डोंगरांचा कॉम्प्युटरवरचा नमुना बनवतोय, सोबत सगळी कृती मराठीत लिहून ठेवतोय, आणि इलेव्हेशनला 'उंची' लिहायचं की 'उन्नतांश' यावर अडलाय. जाता जाता त्याने हेही लिहिलंय की हाइटमॅप, म्हणजे उंची भरलेलं चित्र, टाकल्यावर ब्रह्मगिरी भलताच ताणलेला दिसतोय, आकडे तर सगळे बरोबर भरलेत. मला हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात, आणि पुढचं त्यालाच उद्देशून लिहितोय.

आधी उन्नतांश. तो शब्द खगोलातला, तारा क्षितिजाच्या किती अंश वर आहे ते सांगणारा, म्हणजे तो कोन आहे, मीटरमध्ये मोजायची गोष्ट नाही. डोंगराला तो लावू नका. आणि 'इलेव्हेशन' तसंच ठेवलं तरी आपल्याकडे पंचाईत आहे, कारण गंगापूर रोडवर कुठल्याही बांधकामावर जाऊन विचारा, इलेव्हेशन म्हणजे बिल्डिंगची दर्शनी बाजू, 'इलेव्हेशन मस्त काढलंय' असंच लोक म्हणतात.

राहिला 'उंची'. शब्द चांगला आहे, घरातला आहे, फक्त तो एकटा अर्धवट राहतो. मिस्त्री जोत्याची उंची सांगतो तेव्हा ती रस्त्यापासून असते हे सगळ्यांना माहीत असतं म्हणून तो बोलत नाही. गोदावरीला पूर आला की नाशिककर मीटर-फूट विचारतच नाहीत, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं एवढंच विचारतात, कमरेला, छातीला, गळ्याला, आणि तेवढ्यावर अख्ख्या गावाला कळतं की कुठली दुकानं रिकामी करायची. म्हणजे मोजायचं कुठून हे मारुतीच्या पायाशी ठरलेलंच आहे. मराठीत उंचीच्या मागे कायम एक 'पासून' असतो, कधी बोललेला कधी गिळलेला. ब्रह्मगिरी समुद्रसपाटीपासून साधारण १,३०० मीटर, पण खाली त्र्यंबकमध्ये उभं राहून वर बघितलं तर डोक्यावर त्याच्या निम्माही नाही, कारण त्र्यंबक स्वतःच सातशेच्या वर बसलंय.

आता हाच गिळलेला 'पासून' हाइटमॅपमध्ये घात करतो. हाइटमॅप म्हणजे राखाडी चित्र, काळं ते खाली, पांढरं ते वर, आणि चित्राला मीटर माहीत नसतात. समजा तुमच्या तुकड्यातली सगळ्यात खालची जागा ५५० मीटरवर आहे आणि माथा १,३०० वर, तर एक्स्पोर्ट करताना काळ्याला ५५० आणि पांढऱ्याला १,३०० दिलं की काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत अंतर झालं ७५०. तुम्ही बहुतेक गेम इंजिनात, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, 'उंची' म्हणून १,३०० भरलंत, म्हणजे प्रत्येक डोंगर जवळपास पावणेदोन पट ताणला गेला. युनिटी हे इंजिन असेल तर टेरेन हाइट ७५० द्यायची, आणि खरी समुद्रसपाटी हवी असेल तरच टेरेनची वाय पोझिशन, म्हणजे उभ्या दिशेतली जागा, ५५० करायची. अनरिअल ह्या दुसऱ्या इंजिनात झेड स्केल, म्हणजे उभ्या दिशेचं माप, १०० असताना पूर्ण पल्ला ५१२ मीटरचा असतो, म्हणून ७५० ला सेंटीमीटरमध्ये घेऊन ५१२ ने भागा, १४६.४८ येतं, ते टाका. तिथे शून्य मधोमध असतं हेही लक्षात ठेवा, निम्मा पल्ला शून्याच्या खाली जातो, त्यामुळे टेरेन जमिनीत रुतल्यासारखं वाटलं तर ते बिघडलेलं नसतं, फक्त वर उचलायचं असतं.

म्हणून माझं मत, लिहिताना दोन वेगळे शब्द वापरा. इलेव्हेशन म्हणजे 'समुद्रसपाटीपासूनची उंची', लांब वाटलं तरी पूर्णच लिहा, आणि खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंतच्या फरकाला 'उठाव'. भूगोलात उठाव हा शब्द भूरूपासाठी आहेच. 'उठाव ७५०, तळ ५५०' असं लिहिलंत की वाचणारा चुकीच्या खान्यात आकडा भरणारच नाही.

तुम्ही अजून एक शब्द विचारलाय, डोंगराला पायऱ्या पडल्यात त्याला काय म्हणू. इथे मला थांबावंसं वाटतं, कारण नाशिकचे डोंगर खरंच पायऱ्यापायऱ्यांचे आहेत. लाव्हाचे थर एकावर एक बसलेत, म्हणून तर ह्या खडकाला डेक्कन ट्रॅप म्हणतात, आणि त्यातला ट्रॅप स्वीडिश भाषेतल्या पायरीच्या शब्दावरून आलाय. ट्रेकला जाणारे ह्याला 'कातळटप्पा' म्हणतात. तर खऱ्याला टप्पा म्हणा आणि फाइलमुळे पडलेल्या चुकीच्याला पायरी. ओळखायचं सोपं आहे, टप्पे कमीजास्त जाडीचे असतात, मध्ये मुरमाड उतार असतो, आणि सपाटीवर ते नसतात. पायऱ्या मात्र सगळीकडे एकाच मापाच्या, अगदी शेतातसुद्धा. ८ बिटच्या चित्रात छटा फक्त २५६, ७५० मीटर त्यात वाटले की एक पायरी जवळजवळ ३ मीटरची, १६ बिटमध्ये तीच साधारण एक सेंटीमीटरवर येते. पण ८ बिटची फाइल नुसती १६ मध्ये सेव्ह करून काही होत नाही, गेलेले आकडे परत येत नाहीत, मूळ डेटापासून पुन्हा काढावं लागतं. ब्लर मारला तर पायऱ्या जातात पण त्यांच्याबरोबर अंजनेरीचे कडेही वितळतात, ते मला बघवत नाही.

शेवटचं, तुमच्या टेरेनवर उगवलेलं ते काट्यांचं रान, म्हणजे मध्येच आभाळात घुसलेली टोकं. त्याला 'सुळके' लिहू नका, अंजनेरीला खरे सुळके आहेत, गोंधळ होईल. मी 'खिळे' म्हणतो. एसआरटीएमच्या, म्हणजे अंतराळातून रडारने मोजलेल्या उंचीच्या फाइलमध्ये प्रत्येक आकडा दोन बाइटचा, मोठा बाइट आधी, आणि वाचणाऱ्याने उलटा वाचला की झालं. ७६७ म्हणजे दोन वेळा २५६ अधिक २५५, उलटा वाचला की ६५,२८२, आणि शेजारचा ७६८ उलटा वाचला की नुसता ३. एका मीटरचा चढ, आणि बाजूलाच आभाळाएवढा खिळा. युनिटीत रॉ फाइल घेताना बाइट ऑर्डर विचारतात ती बदलून बघा. एखाददुसराच खिळा एकटा उभा असेल तर ती डेटा नसलेली जागा, तिथे उणे ३२,७६८ भरलेलं असतं, आणि उणे चिन्ह न ओळखणारा ते अधिक ३२,७६८ वाचतो, त्याला 'कोरी जागा' म्हणा आणि आजूबाजूच्या उंचीवरून भरून घ्या.