अपामियाच्या रोमन काळातल्या नाण्यावर नोहाची नौका कशी आली?

शहराच्या टोपणनावामुळे. फ्रिजियातल्या अपामियाला (आजचं तुर्कस्तानातलं दिनार शहर) ‘किबोतोस’ म्हणत, म्हणजे पेटी. ग्रीक बायबलात महापुरातून वाचवणाऱ्या नोहाच्या नौकेलाही हाच शब्द आहे. म्हणून रोमन सम्राट फिलिप पहिला (इ.स. २४४–२४९) याच्या काशाच्या नाण्यावर नौका जहाजासारखी नाही, चक्क झाकण उघडलेली चौकोनी पेटी आहे! आत नवराबायको, वर पक्षी, पेटीवर ‘नोए’ (म्हणजे नोहा) ही तीन ग्रीक अक्षरं. कथा तिथल्या ज्यूंकडून आली असावी. अपामियात ज्यूंचं सोनं जप्त झाल्याचं रोमन वक्ता सिसेरो इ.स.पू. ५९ मधल्या भाषणात सांगतो. पण यावरून शहर ज्यू किंवा ख्रिस्ती झालं होतं असं समजू नका, त्याच टांकसाळीने ग्रीक पुराणकथेतल्या बासरीवाल्या मार्स्यासचीही नाणी पाडली.