मिरजेची संगीतफेरी

प्रश्न : मिरजेत एका दिवसाची मार्गदर्शित संगीतफेरी करण्याचा आमचा विचार आहे. वाटाड्या घ्यावा का, आणि काय चुकवू नये?

उत्तर : जाणकार वाटाड्या अवश्य घ्यावा, कारण मिरजेचे संगीत पाट्यांवर नाही, कारागिरांच्या हातांत आहे. सुरुवात मीरासाहेब दर्ग्यापासून करावी. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले होते आणि 1937 मध्ये प्रवासात निधन झाल्यावर त्यांचे दफन याच परिसरात झाले. त्यांच्या स्मरणार्थ येथे दरवर्षी संगीतसभा भरते. गायक विष्णु दिगंबर पलुस्कर आपले गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले तेही याच गावात.

मात्र अर्ध्याहून अधिक वेळ सतारी-तंबोरे घडवणाऱ्या सतारमेकरांच्या गल्लीसाठी राखून ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. पंढरपूर-मंगळवेढे भागातून वाद्यांसाठी आलेले भोपळे तिथे वाळत टांगलेले दिसतात. कारागिराला विनंती करून तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, लावताना जरूर पाहावे : तो तारा जिच्यावरून जातात त्या घोडीचा माथा कानशीने किंचित घासतो, तार छेडतो, कान देतो, पुन्हा घासतो, आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवून योग्य जागी आणला की मघाचा कोरडा आवाज एकाएकी भरून, घुमून उठतो. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते या कसबाला. काम चालू असताना वाद्यांना विचारल्याशिवाय हात लावू नये. वाटाड्या ठरवताना कारखाने उघडे असतील असाच दिवस निवडण्यास त्याला सांगावे.