कन्सोल टेबल : मुलामा की वर्ख?

‘प्राचीन फ्रेंच कोरीव, सोन्याचा मुलामा दिलेले लाकडी कन्सोल टेबल’ हे वर्णन मराठीत बरोबर आहे का, आणि ‘कन्सोल’ला मराठी शब्द कोणता, अशी पृच्छा कलावस्तूंच्या सूचीचे भाषांतर करणाऱ्या एका मैत्रिणीने केली आहे.

मला त्यात सर्वांत अधिक खटकतो तो ‘मुलामा’. चकाकण्याचा अर्थ असलेल्या अरबी धातूपासून आलेला हा शब्द मराठीत मुख्यतः एका धातूवर दुसऱ्या, अधिक मोलाच्या धातूचा पातळ थर देण्यासाठी वापरला जातो. शिवाय ‘वरवरचा मुलामा’ या प्रयोगामुळे त्याला दिखाऊपणाचा वासही चिकटला आहे. ही टेबले तशी घडत नसत. कोरलेल्या लाकडावर खडूची पूड आणि सरस यांच्या मिश्रणाचे अनेक हात देत, त्यावर बारीक, बहुधा तांबूस चिकणमातीचा लेप लावत, तो ओला करून त्यावर सोन्याची अत्यंत पातळ पाने बसवत आणि जिथे झळाळी हवी तिथे ती अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटत. फ्रेंच भाषा याला सोन्याचे ‘पान’च म्हणते, आणि आपला ‘वर्ख’ ज्या अरबी शब्दावरून आला त्याचाही अर्थ पान असाच आहे. त्यामुळे ‘सोन्याचा वर्ख चढवलेले’ हेच योग्य. वर्ख म्हटल्यावर आधी मिठाई आठवते, हा काही त्या शब्दाचा दोष नव्हे. ‘बेगड’ मात्र चुकूनही नको. चौदाव्या लुईने 1689 मध्ये युद्धखर्चासाठी व्हर्सायच्या राजवाड्यातील चांदीचे फर्निचर वितळवायला पाठवले, तेव्हा त्याची जागा घ्यायला असे वर्ख चढवलेले लाकूडकामच पुढे आले होते.

‘कन्सोल’चा मूळ अर्थ टेबल नसून भिंतीतून पुढे आलेला, वरचा भार पेलणारा आधार असा आहे. हे टेबल भिंतीला टेकलेले असते, त्याला अनेकदा पुढचे दोनच वळणदार पाय असतात आणि वर संगमरवराची फळी असते. मागची बाजू दिसत नसल्याने ती सहसा कोरीत नाहीत. या शब्दाची एक व्युत्पत्ती ‘सांत्वन करणारा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दाशी जोडली जाते, कारण छज्जे पेलणाऱ्या कोरीव मानवाकृतींना तसे म्हणत. आपल्या मंदिरांत खांबांच्या माथ्यावर तुळया पेलणाऱ्या ‘कीचक’ नावाच्या कोरीव आकृती हेच काम करतात, फक्त त्यांच्या चेहऱ्यावर सांत्वनापेक्षा श्रमच अधिक दिसतात. स्थापत्यातील आधाराला ‘हस्त’ हा चांगला शब्द आपल्याकडे आहे, पण ‘हस्तमेज’ म्हटल्याने कोणालाच काही कळणार नाही. ‘कन्सोल टेबल’ तसेच ठेवावे आणि पहिल्या उल्लेखात ‘भिंतीलगतचे’ एवढे जोडावे.

राहता राहिले ‘प्राचीन’. इंग्रजी व्यापारी भाषेत शंभर वर्षांची वस्तूही ‘अँटिक’ या ज्या विशेषणाला पात्र ठरते, त्यासाठी मराठीत ‘प्राचीन’ म्हटले की वाचक थेट सातवाहनांच्या काळात जातो. म्हणून काळ ठाऊक असल्यास सरळ ‘अठराव्या शतकातील’ लिहावे, नसल्यास ‘जुने’ पुरेसे आहे.